पितळ उशिरा बोलतं

काडतुसं घरी भरायला शिकवणारी पुस्तकं छापणाऱ्या अमेरिकेतल्या संपादकांना खुलं पत्र

संपादक मंडळींनो,



तुमच्यापैकी चौघांची पुस्तकं माझ्या कामाच्या टेबलावर कायम असतात. एकाची शिवण सुटली आहे, दुसऱ्याच्या पानांवर तेलाची बोटं उमटली आहेत. मी अ‍ॅरिझोनात राहते, फिनिक्सजवळ. धातुशास्त्र शिकले, नोकरीही त्यातलीच केली आणि गेली बरीच वर्षं लांब पल्ल्याची नेमबाजी करते. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उचलून आणायची, तिला पुन्हा आकार द्यायचा, नवा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी वाटी, बसवायचा, मोजून दारू घालायची, वर गोळी बसवायची. हे सगळं मी तुमच्या पुस्तकांवरून शिकले. त्याबद्दल मनापासून आभार. तक्रारही आहे, आणि ती जिवाशी निगडित आहे, म्हणून खुलं पत्र.

मराठीत लिहिते आहे त्याला कारण आहे. शनिवारी सकाळी रेंजवर उभं राहिलं की हल्ली दोन-तीन टेबलांपलीकडून ‘अरे, जरा इकडे ये ना, बोल्ट वर होत नाहीये’ असं कानावर येतं. नोकरीसाठी इथे आलेली आपली मुलं आहेत ही. हुशार आहेत, हाताने काम करायची हौस आहे. पहिल्या महिन्यात रायफल घेतात, सहाव्या महिन्यात भरणीचा प्रेस घेतात, त्याच्याबरोबर तुमचं पुस्तक घेतात. पत्रावर नाव तुमचं असलं तरी ते त्यांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे. (भारतात वाचणाऱ्यांना आधीच सांगते: तिथे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. मी लिहिते आहे ते अमेरिकेतल्या कायदेशीर छंदाबद्दल.)

माझी तक्रार तुमच्या एका प्रकरणाबद्दल आहे. प्रत्येक पुस्तकात ते कुठल्या ना कुठल्या नावाने असतं: जास्त दाबाच्या खुणा कशा ओळखाव्यात. प्रायमर चपटा झाला, त्याच्यावर आदळणाऱ्या पिनेच्या ठशाभोवती कड आली, पुंगळीच्या बुडावर चकचकीत ठसा उमटला, चेंबर मागून बंद करणारा बोल्ट जड झाला, तर दारू कमी करा. यातली एकही गोष्ट चूक नाही. पण वाचणारा त्यातून उलटा अर्थ काढतो: खूण दिसत नाही म्हणजे दाब ठीक आहे. मी काढला होता.

दाबाचं प्रमाण आधी लक्षात घ्यायला हवं. आपल्या घरातला कुकर वातावरणापेक्षा साधारण 15 पौंड प्रति चौरस इंच जास्त दाबावर चालतो. .308 विंचेस्टर या अगदी सर्रास वापरल्या जाणाऱ्या काडतुसाची ठरलेली कमाल मर्यादा 62,000 पौंड आहे. म्हणजे चार हजारांवर कुकर, बोटाएवढ्या पुंगळीत, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत, आणि ते सगळं गालापासून चार बोटांवर. कुकरला शिट्टी असते, वर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, दोन्ही भांडं फाटायच्या आधी काम करतात. रायफलीत आधी सांगणारं काहीच नसतं. पितळावर जी खूण दिसते ती दाब येऊन गेल्यानंतरची असते.

आता माझं सांगते. एका जानेवारीत मी .308 साठी 168 ग्रेन गोळीचा नवा बार, म्हणजे दारूचं नवं प्रमाण, तयार करत होते. पहाटेची थंडी, दहा अंश सेल्सिअस असेल. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे खालून सुरुवात केली, थोडी थोडी दारू वाढवत गेले. प्रत्येक पायरीला पुंगळी उचलून भिंगाखाली पाहिली. प्रायमरच्या कडा छान गोल. बुडावर काही नाही. बोल्ट लोण्यासारखा. वेग मोजायचं यंत्र, क्रोनोग्राफ, मात्र सांगत होतं की गोळी सेकंदाला 2,740 फुटांनी जाते आहे. पुस्तकातल्या शेवटच्या ओळीत 2,650 होता, तोही माझ्याच लांबीच्या नळीतून. मला आनंद झाला. वाटलं, माझी रायफल चांगली आहे. त्या बाराची पन्नास काडतुसं भरून डब्यात ठेवली.

जुलैत तोच डबा घेऊन गेले. सावलीत 46 अंश. डबा गाडीच्या मागच्या बाजूला दोन तास होता. तेराव्या काडतुसाला आवाज वेगळा आला, काचेवर चापट मारल्यासारखा, आणि बोल्टची दांडी जागची हलेना. जोर लावला, नाही. शेवटी शेजारच्या एका वयस्कर नेमबाजाने लाकडी हातोड्याने ठोकून ती वर केली. पुंगळी बाहेर आली तेव्हा तिच्या बुडावर कारखान्याने कोरलेली अक्षरं चेपून पुसट झाली होती, इजेक्टरच्या भोकाचा गोल ठसा आरशासारखा चमकत होता, आणि प्रायमर टेबलावर आपोआप गळून पडला. त्या गृहस्थांनी प्रायमर उचलून माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, ‘वेग किती होता?’ मी सांगितला. ‘मग जानेवारीतच कळलं होतं की तुला,’ ते म्हणाले.

खरंच कळलं होतं. नळी तीच, गोळी त्याच वजनाची, दारू तीच. मग पुस्तकापेक्षा नव्वद फूट जास्त वेग फुकट कुठून येणार? तो दाबातूनच येतो. उरलेली 37 काडतुसं घरी आणून एकेक फोडली, गोळ्या वेगळ्या केल्या, दारू टाकून दिली. धातुशास्त्राची पदवी भिंतीवर लावलेल्या बाईने डोळ्यांना आणि हाताला जाणवणाऱ्या खुणांवर विश्वास ठेवला आणि जे एकच मोजमाप होतं त्याच्याकडे काणाडोळा केला. चूक माझीच होती. पण ज्या पुस्तकातून मी शिकत होते, त्यात प्रायमरची आठ छायाचित्रं होती आणि वेगाबद्दल दोन ओळी.

प्रायमर चपटा दिसण्याची कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. तरी त्या मुलांसाठी लिहिते. एका कंपनीची प्रायमरची वाटी मऊ, दुसरीची कडक. मऊ वाटी मर्यादेच्या आतच चपटी होते, कडक वाटी मर्यादा ओलांडली तरी गोल राहते. पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, सैल बसत असेल तर पिनेच्या धक्क्याने ती पुढे सरकते, प्रायमर मागे उचलला जातो आणि लगेच पुंगळीचं बूड मागे येऊन त्याला चेपतं. बार अगदी हलका असला तरी प्रायमर पैशासारखा सपाट. पिनेचं भोक झिजून मोठं झालं असेल किंवा स्प्रिंग दमली असेल, तर पिनेभोवती कड येते आणि त्याचा दाबाशी संबंध नसतो. चेंबरला तेल राहिलं असेल तर पुंगळी भिंतीला धरत नाही, सगळा भार बोल्टवर येतो. म्हणजे खूण दिसली तरी तिचा अर्थ एक नाही, आणि दिसली नाही तर अर्थच नाही.

यापेक्षाही घातक गोष्ट कमी दाबाच्या काडतुसांची. पितळाला वाकवायला, त्याच्यावर कायमचा ठसा उमटवायला बराच दाब लागतो. .308 च्या मर्यादेच्या आसपास किंवा तिच्यापुढे गेल्यावर पितळ बोलू लागतं. पण .38 स्पेशलची मर्यादा 17,000 आहे. .45 एसीपीची 21,000. जुन्या 1873 च्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्डसाठी आखलेल्या .45-70 ची 28,000. या हत्यारांत पितळावर खूण दिसेपर्यंत दाब मर्यादेच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त झालेला असतो. पुंगळी अजून स्वच्छ दिसते आणि दीडशे वर्षांची रायफल फुटते. तुमच्या पुस्तकांत खुणांचं प्रकरण सगळ्या काडतुसांना एकच आहे. ज्याच्या हातात आजोबांची रायफल आहे तोही तेच प्रकरण वाचतो. माझ्या मते हा तुमच्या पुस्तकांतला सगळ्यात मोठा दोष आहे.

पिस्तुलाच्या काडतुसात जलद जळणारी दारू एवढीशी असते की एकाच पुंगळीत दोनदा पडली तरी मावते. तिथे खुणांची पायरीच येत नाही. गोळी बसवण्याआधी बॅटरीचा उजेड टाकून प्रत्येक पुंगळीत डोकवायचं, एवढंच.

आता पुंगळीबद्दल, कारण तिच्याकडे तुम्ही पाहिजे तेवढं लक्ष देत नाही आणि मला तिच्याबद्दलच जरा सविस्तर बोलायचं आहे. काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. बार उडाला की पुंगळीची पातळ भिंत फुगून चेंबरला घट्ट चिकटते, गॅस मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरला की किंचित आक्रसून सुटते. तिचं काम वायसरसारखं आहे. आपण तिला प्रत्येक वेळी डायमध्ये, म्हणजे प्रेसवरच्या साच्यात, दाबून पुन्हा लहान करतो. म्हणजे फुगवणं, आवळणं, फुगवणं, आवळणं.

मी पुण्यात कसब्यात वाढले. तांबट आळीत सकाळपासून ठोक्यांचा आवाज असायचा. हंडा ठोकता ठोकता पत्रा हट्टी होतो, मग कारागीर तो भट्टीत लाल करायचा आणि पुन्हा मठारायला घ्यायचा. न तापवता ठोकत राहिला तर काठाला तडा जायचा. मी ते पाहिलं तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. पुढे कॉलेजात त्यालाच शास्त्रीय नाव मिळालं. पुंगळीच्या मानेचं अगदी तसंच होतं. चार-सहा वेळा भरली की मान कडक होते, गोळीवर एकसारखी पकड राहत नाही, आणि एक दिवस उभी चिरते. मान तापवून नरम करता येते. बूड मात्र कधीही तापवायचं नाही; ते कडक आहे म्हणूनच दाब पेलतं. लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते ती याच तापवण्याची. नवखे तो डाग समजून घासून काढतात.

घासण्यावरून एक जुनी गोष्ट सांगते, ती आपल्या पावसाळ्याची आहे. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेच्या काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जायचे. कुणी झाडली नाहीत, कुणी ठोकली नाहीत, नुसती ठेवलेली. तबेल्यांत साठवलेल्या पेट्यांत हे जास्त व्हायचं. ऋतूबरोबर येणारा तडा म्हणून त्याचं इंग्रजी नावही ऋतूवरूनच पडलं. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण दाखवून दिलं: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, पावसाळी दमट हवा, आणि ओढून तयार केलेल्या पितळात आत अडकून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ कणांच्या सीमेवरून उकलतं. ताण काढण्यासाठी हलकं तापवणं हा त्यावरचा इलाज. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. 1869 पासूनचा तो कारखाना. त्यांच्या तोंडून मी ही हकिकत पहिल्यांदा ऐकली, आणि त्यानंतर कधीही घरातलं पितळ चमकवायचं अमोनियाचं पॉलिश मी पुंगळीला लागू दिलं नाही. तुमच्यातल्या एकाच पुस्तकात अमोनियाबद्दल इशारा आहे, तोही तळटीपेत. आजही कितीतरी जण पुंगळ्या आरशासारख्या व्हाव्यात म्हणून तेच पॉलिश वापरतात. मक्याच्या कणसाच्या भुशात फिरवलेली पुंगळी कमी चमकते, पण शाबूत राहते.

सगळ्यात फसवी जागा बुडाच्या थोडी वर असते. पिनेच्या धक्क्याने पुंगळी पुढे जाते, पातळ भिंत चेंबरला धरून बसते, आणि जाड बूड दाबाने मागे बोल्टपर्यंत ताणलं जातं. जिथे पातळ भिंत जाड बुडाला मिळते तिथे पितळ ताणून बारीक होतं. आपण डाय गरजेपेक्षा खाली लावून पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, दर वेळी मागे ढकलला, तर दर वेळी तेवढंच ताणायला मिळतं. .303 ब्रिटिशच्या रायफलींची चेंबरं मुळातच ऐसपैस असतात, त्यामुळे तिथे हे फार लवकर होतं. बाहेरून एक फिकट, चकचकीत कडं दिसतं, बुडापासून साधारण पाव ते अर्धा इंच वर. कधी तेही दिसत नाही. पुढच्या बाराला पुंगळी तिथे आडवी तुटते, बूड बाहेर येतं आणि बाकीची नळी चेंबरमध्ये राहते. नशीब बरं असलं तर एवढंच. गॅस मागे आला तर डोळ्यांकडे येतो.

हे कळायला यंत्र लागत नाही. कागदाची क्लिप सरळ करायची, टोकाला नव्वद अंशात दोन मिलिमीटरचा आकडा वळवायचा, टोक कानशीने धारदार करायचं. तो आकडा पुंगळीच्या आत तळापर्यंत सोडायचा आणि भिंतीला टेकवून सावकाश वर ओढायचा. चांगल्या पुंगळीत तो घसरत येतो. ताणलेल्या पुंगळीत त्या जागेवर खाचेत अडकल्याचा एक बारीक खटका बोटाला कळतो. मी दर खेपेला एका खोक्यातली सगळ्यात जास्त वेळा भरलेली पुंगळी हॅकसॉने उभी चिरते आणि उन्हात धरून पाहते. भिंत वरून खाली हळूहळू जाड होत गेली पाहिजे. मध्येच आतून खळगा दिसला तर ते अख्खं खोकं भंगारात. एका पुंगळीची किंमत डॉलरपेक्षा कमी आहे.

आणखी दोन गोष्टी दाबाशीच बांधलेल्या आहेत. पुंगळी दर वेळी लांब होते. .308 ची कमाल लांबी 2.015 इंच; तिच्यापुढे गेली की मानेचं तोंड चेंबरच्या टोकाला अडून गोळीभोवती आवळलं जातं, गोळी सुटत नाही, आणि अगदी पुस्तकातल्या मधल्या ओळीचा बारसुद्धा दाबाने उसळतो. दारू बरोबर, पुंगळी चूक. तसंच लष्करी पुंगळीची भिंत बहुधा जाड असते, आतली जागा कमी, म्हणून तेवढीच दारू तिथे जास्त दाब करते. मग पुंगळीची तपासणी हे तुमच्या पुस्तकात स्वच्छतेच्या प्रकरणाशेजारी का असतं? दाबाच्या प्रकरणाच्या आधी, पहिल्या तक्त्याच्याही आधी ती हवी.

प्रायमरचा खिसाही तसाच. नवा प्रायमर हाताच्या अवजाराने बसवताना थोडा विरोध व्हायला हवा. तो तुपात बोट गेल्यासारखा आत गेला, तर त्या पुंगळीचं बूड कधीतरी ताणून गेलं आहे. मला खुणांमध्ये ही एक खूण सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण ती स्प्रिंगवर किंवा पिनेवर अवलंबून नाही. अशी पुंगळी पकडीने चेपूनच टाकायची, म्हणजे चुकून परत डब्यात जात नाही.

आता मागणं. तुमच्या तक्त्यांत दारूचं वजन आणि वेग छापलेला असतो, दाब बहुतेक ठिकाणी नसतो. हॉजडन आणि लायमन यांच्या तक्त्यांत तो असतो, म्हणजे छापता येतो. प्रत्येक ओळीपुढे तो छापा. कशाने मोजला तेही लिहा. तांब्याचा तुकडा चेपून मोजलेला जुना आकडा आणि विद्युत दाबमापकाने मोजलेला नवा आकडा एकच नसतो: .308 ची मर्यादा जुन्या पद्धतीत 52,000 आणि नव्या पद्धतीत 62,000. जुनं पुस्तक आणि नवं पुस्तक शेजारी ठेवून वाचणाऱ्याला वाटतं, मर्यादा दहा हजारांनी वाढवली. मर्यादा तीच आहे, मोजपट्टी बदलली आहे. मोजताना तापमान किती होतं तेही द्या. आम्ही वाळवंटात राहतो.

आणि खुणांचं प्रकरण काढून टाका असं मी म्हणत नाही. त्याच्या पहिल्या ओळीत ते कुठल्या काडतुसांना लागू नाही ते ठळक छापा. क्रोनोग्राफ आता शे-दीडशे डॉलरमध्येही मिळतो. छापलेल्या कमाल वेगाला पोचलात तर थांबा, पितळ काहीही म्हणो, हे वाक्य प्रत्येक तक्त्याखाली असू द्या. छायाचित्रं द्यायचीच तर फसव्या खुणांचीही द्या: हलक्या बाराने चपटा झालेला प्रायमर आणि जड बाराने गोल राहिलेला प्रायमर, शेजारी शेजारी.

माझी जुलैतली ती पुंगळी आणि उभी चिरलेल्या दोन पुंगळ्या मी चिठ्ठ्या लावून जपून ठेवल्या आहेत. पुढच्या आवृत्तीत छायाचित्रासाठी हव्या असतील तर कळवा, पाठवून देईन. चिरलेल्यांपैकी ज्या पुंगळीला लाल दोरा बांधला आहे तिच्यात खळगा बुडापासून तीन अष्टमांश इंचावर आहे. प्रकाश बाजूने, खालच्या कोनातून टाका. समोरून टाकलात तर तो दिसत नाही.

आपली वाचक,
फिनिक्स, अ‍ॅरिझोना